आधी भांगलण, मग युरिया



राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या भागात पावसाआधी धूळवाफेवर भात पेरायची आपली जुनी रीत. चिखलणी करून लावलेल्या भातात तण दबतं. पेरभातात मात्र भात आणि तण बरोबरच उगवतात. अशा केना-लव्हाळ्यानं भरलेल्या रानात युरिया फेकला, तर तो कुणाच्या तोंडी जाणार? पैसा तुमचा आणि पोसतं तण!

म्हणून क्रम लक्षात ठेवा. पेरणीनंतरचे पहिले ४० दिवस महत्त्वाचे. साधारण तीन आठवड्यांनी उघडीप बघून कोळपा चालवा आणि ओळीतलं तण भांगलून काढा. तण फुलावर येऊ देऊ नका. त्यानंतरच युरियाचा हप्ता द्या. रानात पाणी साचलं असेल तर आधी काढा. मुसळधार पावसाच्या तोंडावर खत टाकू नका, ते ओढ्याला जातं.

खत किती द्यावं? सुधारित भाताला सर्वसाधारणपणे एकरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि २० किलो पालाश लागतं. ४० किलो नत्र म्हणजे ८७ किलो युरिया, ४५ किलोच्या दोन गोण्यांना थोडा कमी. तो तीनदा द्या : पेरताना ३५ किलो, फुटवे येताना ३५ किलो, लोंबी धरण्याच्या सुरुवातीला १७ किलो. स्फुरद व पालाश पेरतानाच द्या. माती तपासली असेल तर अहवालाप्रमाणे फरक करावा. जादा नत्रानं भात हिरवंगार दिसतं, पण करपा वाढतो आणि पीक लोळतं.

आता हिशेब बघू. समजा, एकराच्या भांगलणीला १० माणसं लागली आणि रोज ३०० रुपये पडला, तर खर्च ३००० रुपये. २०२४-२५ च्या हंगामात साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २३०० रुपये होती. म्हणजे सुमारे १ क्विंटल ३० किलो भात जादा आलं की भांगलण फिटली. उलट पेरभात तणातच सोडलं, तर उत्पन्न निम्म्यावरही येतं.

युरियाची गोणी स्वस्त, म्हणून भांगलण टाळून हात सैल सोडायचा मोह होतो. पण त्यानं तण आणखी माजतं आणि पुढं भांगलणीला माणसंही जादा लागतात. स्वस्त गोणी अशी महाग पडते.

घरच्या आणि पैऱ्याच्या माणसांची मजुरीही वहीत मांडा. यंदा एका वाफ्यात वेळेवर भांगलण करून मगच खत द्या आणि मळणीला त्याचं भात वेगळं मापून बघा. नफा कुठं आहे ते मापच सांगेल.