कॉफीच्या पोत्यातला दमा

भाजलेल्या कॉफीचा दरवळ सर्वांच्या परिचयाचा असला, तरी ज्या अवस्थेत कॉफीची जगभर खरेदी-विक्री होते, ती जहाजांत चढते आणि गोदामांत साठवली जाते, त्या अवस्थेत तिला हा वास नसतो. फळाचा गर आणि टरफल काढून सुकवलेल्या, करड्या-हिरवट रंगाच्या या बियांना व्यापारात ‘हिरवी कॉफी’ म्हणतात आणि कॉफी उद्योगातील कामगारांना जडणाऱ्या ॲलर्जीचे मूळ बहुतांशी याच बियांच्या धुळीत असते. सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या भट्टीतून बी बाहेर पडते तेव्हा तिच्यातील प्रथिनांची मोडतोड झालेली असते. त्यामुळे कॉफी पिणाऱ्याला या विकाराची झळ सहसा लागत नाही. ती लागते भट्टीच्या अलीकडे काम करणाऱ्यांना, म्हणजे हमाल, गोदामातील मजूर, बिया निवडणाऱ्या स्त्रिया आणि भट्टीत माल ओतणारे कामगार यांना.

ॲलर्जी, जिला परिभाषेत ‘अधिहर्षता’ असा फारसा न रुळलेला प्रतिशब्द आहे, ही शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची एक गफलत आहे. श्वासावाटे वारंवार आत जाणाऱ्या एखाद्या प्रथिनाला ही व्यवस्था शत्रू ठरवते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे, म्हणजे त्या विशिष्ट प्रथिनाला ओळखून धरणारे रेणू, तयार करते. ही प्रतिपिंडे नाक, डोळे व श्वासनलिका यांच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात आणि तेच प्रथिन पुन्हा आले की त्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात, ज्यांमुळे शिंका, डोळ्यांची खाज, नाक वाहणे आणि पुढे श्वासनलिका आवळून दमा असा क्रम सुरू होतो. या तयारीला काही महिने किंवा कित्येक वर्षे लागू शकतात, आणि सगळी फसगत इथेच होते. कारण ज्या धुळीत आपण इतकी वर्षे काढली तिचाच आता त्रास होत असेल, हे कामगाराला पटत नाही आणि अनेकदा डॉक्टरलाही सुचत नाही.

धुळीतील नेमका दोषी घटक कोणता, हा प्रश्न सुटायला बराच काळ लागला. 1961 मध्ये कॅनडातील संशोधकांनी हिरव्या कॉफीत विपुल असणाऱ्या क्लोरोजेनिक ॲसिडवर बोट ठेवले होते. पण हा रेणू फार लहान आणि इतर असंख्य फळा-भाज्यांतही आढळणारा असल्यामुळे त्या मतावर लवकरच आक्षेप आले आणि ते मागे पडले. दुसरा संशयित मात्र कॉफीच्या झाडाचा नव्हताच. 1928 मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात एरंडेल तेलाच्या गिरणीच्या आसपास राहणाऱ्या लोकांना दम्याचे झटके येत असल्याचे कार्ल फिगली या डॉक्टरांनी एका सहकाऱ्यासह नोंदवले होते. याच फिगली यांनी 1950 मध्ये दाखवून दिले की, एरंडीचा माल वाहिलेले बारदान पुन्हा कॉफीसाठी वापरले जाते आणि तागाच्या धाग्यांत अडकून राहिलेली एरंडीची भुकटी कॉफीच्या धुळीबरोबर कामगाराच्या छातीत उतरते. एरंडीच्या बीमधील साठवणीचे एक प्रथिन अत्यंत प्रखर ॲलर्जीकारक आहे, आणि त्याची अगदी अल्प मात्राही पुरते. बारदान जपून पुन्हा वापरणे ही व्यापारातील काटकसर एका रोगाची वाहक ठरते, हे फिगली यांनी ध्यानात आणून दिले.

मग सगळा दोष एरंडीचाच आणि कॉफी निर्दोष, असेही मानले गेले. तेही अपुरे ठरले. 1970 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातील संशोधकांनी आजारी कामगारांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली, तर इटलीतील त्रिएस्ते या कॉफीच्या जुन्या बंदरातील गोदी कामगारांची हिरवी कॉफी आणि एरंडी या दोन्हींसाठी तपासणी होऊन तिचे निष्कर्ष 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन्ही अभ्यासांतून हे दोन स्वतंत्र दोषी असल्याचे दिसून आले. कॉफीच्या स्वतःच्या प्रथिनाचा ठाव मात्र 2012 मध्ये लागला, जेव्हा हॅम्बुर्गमधील गटाने ‘कॉफ ए 1’ या नावाने पहिले कॉफी-ॲलर्जीकारक ओळखले. हे प्रथिन कायटिनेज वर्गातील, म्हणजे बुरशीच्या पेशीभित्तीतील कायटिन फोडणारे विकर आहे. बुरशीपासून स्वतःला वाचवण्यासाठी वनस्पतीने जे हत्यार बाळगले, तेच बिया हाताळणाऱ्या माणसावर उलटते. 2015 मध्ये ‘कॉफ ए 2’ आणि ‘कॉफ ए 3’ ही आणखी दोन प्रथिने या यादीत आली.

ही धूळ उठते कुठे, हे पाहायचे तर पोते रिकामे करण्याच्या जागी उभे राहावे लागते. पोत्याची शिवण उसवून ते भट्टीच्या किंवा चाळणीच्या मोठ्या नसराळ्यावर कलंडले की बियांबरोबर त्यांच्या अंगाला चिकटलेल्या रुपेरी सालीचे बारीक कपटे, माती आणि तागाचे तंतू एकदम वर उसळतात. त्यानंतर उरलीसुरली बी पडावी म्हणून कामगार रिकामे पोते धरून झटकतो, मग ते घडी करून थप्पीवर दाबून बसवतो, आणि या दोन क्षणांना धूळ त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर असते. संध्याकाळी कोरड्या झाडूने जमीन झाडली जाते तेव्हा दिवसभर बसलेली धूळ पुन्हा उठते.

सगळीच कॉफी-धूळ मात्र ॲलर्जीच्या मार्गाने त्रास देते, असे नाही. टांझानियातील कारखान्यांच्या पाहणीत रोबस्टा कॉफीच्या कारखान्यांत, अरेबिकाच्या तुलनेत, जिवाणूंच्या भित्तीतून सुटणाऱ्या ‘एंडोटॉक्सिन’ या विषारी द्रव्याचे प्रमाण अधिक आढळले. आणि हे द्रव्य कोणतीही प्रतिपिंडे नसताना थेट श्वासनलिकेला सूज आणू शकते. अमेरिकेत टेक्सासमधील एका कॉफी कारखान्यातील कामगारांना 2012 च्या सुमारास आढळलेला फुफ्फुसाच्या सूक्ष्म नलिका बुजवणारा असाध्य विकार तर सर्वस्वी वेगळा असून त्याचा संबंध डायअसिटिल या वायुरूप द्रव्याशी जोडला जातो. या सर्वांना सरसकट ‘कॉफीची ॲलर्जी’ म्हणणे चुकीचे आहे, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

भारताच्या कॉफीपैकी सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात होते आणि चिक्कमगळुरू, हासन, कोडगू या भागांतील क्युरिंग वर्क्समध्ये, म्हणजे बियांचे शेवटचे आवरण उतरवून त्यांची प्रतवारी करणाऱ्या कारखान्यांत, सदोष बिया हाताने वेचण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करत आल्या आहेत. महाराष्ट्रात कॉफी चिखलदऱ्याच्या डोंगरापुरती, तीही थोडीच. तथापि मराठी वाचकाला या विकाराची ओळख मुंबईच्या गिरण्यांमुळे पटकन पटू शकते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या छातीच्या आजारात सुटीनंतरचा सोमवार सर्वांत वाईट जाई आणि आठवड्यात त्रास ओसरत असे, तर कॉफीच्या धुळीच्या दम्याचा क्रम बहुधा उलटा असतो: आठवडा सरत जाईल तशी छाती भरून येते आणि सुटीत मोकळी होते. शिवाय झटका कधी कधी धुळीशी संपर्क आल्यानंतर काही तासांनी, म्हणजे कामगार घरी पोहोचल्यावर किंवा झोपेत येतो, म्हणून दोष घरातील अंथरुणाला किंवा हवेला दिला जातो.

प्रतिबंधाचा विचार मुखपट्टीपासून सुरू करणे ही उद्योगाची सोयीस्कर सवय आहे. घामाने भिजलेली, सैल बसलेली कापडी पट्टी ही बारीक धूळ फारशी अडवत नाही. पोते उसवण्याच्या जागीच धूळ खेचून घेणारी हवेची नळी बसवणे, एरंडीचे बारदान कॉफीला न वापरणे आणि झाडूऐवजी व्हॅक्यूम यंत्राने सफाई करणे, हे खरे उपाय आहेत. ब्रिटनने व्यवसायजन्य दम्याच्या आपल्या अधिकृत यादीत हिरव्या कॉफीची धूळ आणि एरंडीची धूळ यांची नावे वेगवेगळी घातली आहेत, त्यामुळे तेथील कामगाराला आपला आजार कामाचा आहे हे सिद्ध करताना मुळापासून सुरुवात करावी लागत नाही.

निदानासाठी मोठ्या यंत्रांची गरज पडतेच असे नाही. जोराने फुंकर मारून श्वासाचा वेग मोजणारे ‘पीक फ्लो मीटर’ हे हातात मावणारे साधन वापरून कामगाराने दिवसातून किमान चार वेळा, सुमारे चार आठवडे आकडे लिहून ठेवले, तर दमा कामाशी निगडित आहे की नाही, हे डॉक्टरला बऱ्याच खात्रीने सांगता येते. त्या नोंदवहीत सुटीचे दिवस मात्र असलेच पाहिजेत. तुलनेला तेच नसतील, तर बाकीच्या आकड्यांचा उपयोग होत नाही.