वर्तन-सक्रियता आणि सामान्य समुपदेशक : गोव्यातील एक अभ्यास

नैराश्यग्रस्त व्यक्तीस 'आधी मन खंबीर करा' असा सल्ला सर्रास दिला जातो. वर्तन-सक्रियता ही उपचारपद्धती नेमका हाच क्रम उलटविते. उदास व्यक्ती कामे व माणसे टाळू लागते. त्यामुळे समाधानाचे प्रसंग घटतात आणि उदासी अधिकच गडद होते. म्हणून समुपदेशक तिच्यासोबत प्रथम एखादी छोटी, ठरावीक वेळेची कृती निश्चित करतो. मनःस्थितीतील बदल त्यामागून येतो.

विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत या तत्त्वाची चाचणी घेतली. २०१३ ते २०१५ या काळात नैराश्याची लक्षणे तीव्र असलेल्या ४९५ प्रौढांची नोंदणी झाली. मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रे घेतली. 'द लॅन्सेट'मधील २०१७ च्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के, तर ते न मिळालेल्या गटात ३९ टक्के व्यक्तींचे नैराश्य ओसरले होते.

यावरून 'समुपदेशन कोणालाही जमते' असा अर्थ काढणे घातक ठरेल. या समुपदेशकांना प्रशिक्षण व मार्गदर्शिका होती. त्यांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे सहकारी व तज्ज्ञ ऐकत आणि गुणवत्ता तपासत. महाविद्यालयात मात्र समुपदेशन कक्ष बहुधा एखाद्या सहृदय प्राध्यापकाकडे सोपविला जातो (वेळापत्रकात त्यासाठी तासिका असतेच असे नाही). सहृदयतेत तो उणा नसतो. परंतु त्याच्या सत्रातील चूक दाखविणारे कोणी नसते.