कोळशाच्या गावातील हौशी कॅमेरा

चंद्रपूर जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात हौशी छायाचित्रण उशिरा रुजले, पण रुजल्यावर फार वेगाने पसरले. वर्धा नदीकाठचे घुग्घुस हे त्याचे चांगले उदाहरण. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी, चांदा सिमेंट कारखाना, स्पंज आयर्नचा प्रकल्प आणि ताडाळीहून फुटलेला रेल्वेचा फाटा यांच्याभोवती हे गाव वाढले. नदीपलीकडे यवतमाळचा वणी तालुका, तिथेही कोळसाच. पूर्वेकडे चंद्रपूर ओलांडले की ताडोबाचे जंगल. कॅमेरा हाती घेणाऱ्यासमोर इथे दोन विषय कायम उभे राहिले, खाण आणि वाघ. गेल्या पन्नास वर्षांत वाघाची छायाचित्रे अगणित निघाली. खाणीची, आणि खाणीवर जगणाऱ्या गावाची, त्या मानाने फारच थोडी निघाली.

मराठी मुलखात या छंदाची सुरुवात मुंबईत झाली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्याशी जोडले गेले. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टर. त्यांनी मुंबईतील निरनिराळे धंदे करणाऱ्या लोकांची छायाचित्रे काढली आणि ती १८५७ च्या सुमारास प्रदर्शनात मांडली. कष्टकऱ्यांकडे कॅमेरा वळवणारा हा मराठी माणूस इतक्या आरंभी होऊन गेला, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. तरीही कितीतरी दशके हा छंद डॉक्टर, अधिकारी, संस्थानिक आणि सधन घरांपुरताच राहिला, कारण काच, रसायने आणि पुढे फिल्म, सगळेच महाग होते.

कंपनी क्वार्टरांत कॅमेरा आला तो पगाराच्या वाटेने. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ पर्यंत पूर्ण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी म्हणून उभी राहिली. नियमित पगारामुळे घरात रेडिओ, घड्याळ आणि कुणाकुणाकडे कॅमेराही आला. त्या काळचा सर्वांच्या ओळखीचा कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. त्यात १२० चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो निघत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल हा स्वस्त देशी पर्याय होता. ऐंशीच्या दशकात हॉटशॉट कॅमेरा आला, मग छत्तीस फोटोंचा रंगीत रोल. कृष्णधवल रोल स्टुडिओवाला आपल्या डार्करूममध्ये धुऊन देई. रंगीत धुलाईला मात्र नेमके तापमान आणि यंत्र लागते, म्हणून रंगीत रोल मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जाई. रोल संपेपर्यंत थांबायचे, मग धुऊन येईपर्यंत थांबायचे. बारा किंवा छत्तीस फोटोंत वर्ष भागवायचे असल्याने कशावर एक फोटो खर्च करायचा याचा विचार आधी होई.

हा खर्च लग्न, बारसे, शाळेचे संमेलन, गणपती, चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा अशा प्रसंगांवर होई. पाळीवर निघालेला कामगार, दिव्याच्या टोप्या, खाणीचे तोंड, पाळी सुटल्यावरचा चहा हे अल्बमांत क्वचितच येई. त्याला सवय हे एक कारण होते आणि नियम हे दुसरे. भूमिगत कोळसा खाणीत मिथेनचा धोका असतो. ठिणगी पाडू शकेल अशी वस्तू आत नेण्यास मनाई असते, आणि फ्लॅशचा कॅमेरा त्यातच मोडतो. उघड्या खाणीतही परवानगीशिवाय फोटो काढता येत नाही. परिणाम असा, की ज्या कामामुळे गाव वसले त्याच कामाचे दृश्य घरांकडे नाही. तेलुगू आणि हिंदी भाषक कुटुंबांसह जी मिश्र वस्ती या पट्ट्यात तयार झाली, तिच्या रोजच्या जगण्याचेही चित्र विस्कळीत आहे. ही या मागोव्यातली सर्वांत मोठी पोकळी.

डिजिटल कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोमागचा खर्च संपवला आणि त्याच सुमारास ताडोबा देशाच्या नकाशावर ठळक झाले. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प नव्वदच्या दशकाच्या मध्याला झाला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबवले. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली, पण बफर क्षेत्रातील पर्यटनाकडे लक्ष वळले ते वळलेच. बफरमधल्या गावांतील तरुण गाइड झाले, जिप्सी चालवू लागले, आणि पर्यटकांच्या मोठ्या लेन्सा रोज पाहता पाहता त्यांच्यातलेही काही जण फोटो काढायला शिकले. निकॉनचा पी९०० हा कॅमेरा २०१५ मध्ये आला. त्याचा ८३ पट झूम एकाच अंगच्या लेन्समध्ये होता. लाखाची लेन्स न घेता दूरचा पक्षी टिपता येऊ लागला, आणि पक्षी पाहणाऱ्यांच्या छंदात या कॅमेऱ्याने केलेला बदल वाघाच्या फोटोंइतकाच मोलाचा आहे.

वाघांना नावे पडली ती याच काळात. माया, मटकासुर, वाघडोह, माधुरी ही नावे घरोघरी पोचली. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे असतात आणि डाव्या-उजव्या बाजूचेही सारखे नसतात. त्यामुळे स्पष्ट फोटो म्हणजे ओळखीचा पुरावाच. वन विभाग २००६ पासूनच्या गणनांत कॅमेरा ट्रॅपने हेच काम करतो. पर्यटकांच्या फोटोंनी त्याला रोजच्या नोंदींची जोड दिली. माया ऑगस्ट २०२३ नंतर दिसेनाशी झाली तेव्हा ती कुठे आणि केव्हा शेवटची दिसली याची चर्चा फोटोंच्या आधारे झाली. पुढे सापडलेल्या अवशेषांच्या डीएनए तपासणीतून तिचा मृत्यू निश्चित झाला. निमढेला परिसरात एक तरुण वाघ तोंडात प्लास्टिकची बाटली धरून चालतानाचे दृश्य फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वदूर पसरले. जंगलातल्या कचऱ्याविषयी वर्षानुवर्षे लिहिले जात होते, पण त्या एका दृश्याने जे लोकांना कळले ते शेकडो फलकांनी कळले नव्हते.

याच हौसेने जंगलाला त्रासही दिला, आणि तो स्पष्ट सांगायला हवा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहन आणि प्राणी यांत किमान २० मीटर, दोन वाहनांत ५० मीटर अंतर ठेवावे लागते. जवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांमध्ये अडकले. त्याचे फोटो आणि व्हिडिओ पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गुन्हा घडला तो फोटोच्या हव्यासाने आणि उघडकीला आला तोही फोटोमुळेच. वाघ दिसताच ठिकाण कळवले की चारी बाजूंनी गाड्या धावतात. ताडोबाच्या सफारीत मोबाइलवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

गावातल्या सर्वांच्या हाती कॅमेरा खऱ्या अर्थाने आला तो सप्टेंबर २०१६ नंतर, जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर. कॅमेरा असलेला फोन त्याआधीही होता, पण फोटो पाठवणे महाग आणि संथ होते. आता स्टेटस, रील आणि ग्रुप हेच अल्बम झाले. छायाचित्रणाबरोबर इतर छंदांनाही प्रेक्षक मिळाला. दिवाळीनंतर रात्रभर रंगणारी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटके पूर्वी वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या ज्या गावी जात तिथल्याच लोकांना दिसत. आता त्यांचे प्रवेश आणि गाणी पुण्या-मुंबईत गेलेली इकडची मुलेही फोनवर पाहतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव विदर्भाबाहेरच्या अनेकांनी प्रथमच ऐकले. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीत बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूच्या राख्या, दिवे, दागिने यांचे फोटो हेच आता त्या वस्तूंचे दुकान. रांगोळी तर दुसऱ्या दिवशी पुसलीच जाते. तिचा फोटो काढून ठेवण्याची सवय लागल्यापासून पहिल्यांदाच एखाद्या घरातील रांगोळीचा बदलता हात वर्षांच्या क्रमाने पाहता येतो. यापूर्वी रांगोळीला मागोवा नव्हताच.

२०२२ साल या जिल्ह्याच्या हौशी चित्रणात वेगळे काढून पाहावे असे आहे. त्या वर्षी २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशात जळत जाणाऱ्या रेषा विदर्भभर दिसल्या आणि लोकांनी त्या फोनवर टिपल्या. आधी त्या उल्का वाटल्या. मग सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले. उपग्रहांचा मागोवा ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांगझेंग ३बी अग्निबाणाचा भाग असावा असे सांगितले. गावोगावच्या व्हिडिओंमुळे त्या रेषांची दिशा आणि वेळ जुळवता आली. कुणीही त्यासाठी तयारी केलेली नव्हती. पाडव्याचे फोटो काढताना फोन हातातच होते.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर साठ फुटांहून खोल खड्ड्यात गेले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणकामाची पोकळी असल्याचे कारण पुढे आले आणि आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. त्या खड्ड्याची दृश्ये काही तासांत राज्यभर गेली. ज्या खाणीचा फोटो पिढ्यान्‌पिढ्या अल्बमात आला नव्हता, ती अशी घराच्या पायाखालून कॅमेऱ्यासमोर आली. वॉर्डातील भिंतींना गेलेले तडे, रस्त्याची खचलेली कड यांचे जुने फोटो त्यानंतर कागदपत्रांइतके महत्त्वाचे ठरतात, पण फोटोवर तारीख असेल तरच.

प्रदूषणाच्या बाबतीत हेच लागू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार मांडणी केली. तीत चंद्रपूर क्षेत्राला ८३.८८ गुण देऊन देशातील सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत चौथे ठेवले होते. या क्षेत्रात ताडाळी आणि बल्लारपूरबरोबर घुग्घुसही होते. गच्चीवर साचलेली काळी धूळ, पानांवरचा थर, कोळशाच्या ट्रकांमागचा धुरळा हे आता रोज टिपले जाते. तक्रारीसोबत फोटो जोडता येतो, आणि हे या छंदाचे फार मोठे देणे आहे.

या सगळ्या चित्रांचे टिकणे मात्र अवघड आहे. फोन प्रत्येक फोटोत तारीख, वेळ आणि परवानगी असल्यास ठिकाणही नोंदवतो. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही माहिती गळून जाते आणि चित्रही आकुंचित होते. दोन-तीनदा पुढे ढकलल्यावर कुणाचा, कुठला, कधीचा हे कळण्याचा मार्ग राहत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राला काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण आहे. तरीही नाव खोडून तेच चित्र हजार ठिकाणी फिरते आणि काढणाऱ्याला पत्ताही लागत नाही. इंदू रोलच्या निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात चाळीस वर्षे राहू शकल्या. पाच वर्षांपूर्वीच्या फोनमधले फोटो फोनबरोबर गेले, अशी घरे कितीतरी आहेत.

जिथे नोंद नीट झाली तिथे हौशी माणसाच्या कामाला शास्त्राचे मोल आले. ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर पक्षी, फुलपाखरे, वनस्पती यांचे फोटो तारीख-ठिकाणासह जमा होतात. धोक्यातील प्रजातींचे नेमके ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर ठेवते, ही सोय शिकारीच्या भीतीमुळे आवश्यकच आहे. इरई धरण, वर्धेचे पात्र, जुन्या खाणींत साठलेले पाणी येथील हिवाळी पाहुण्यांची नोंद अशाच छंदातून होते. वास्तूंसाठी विकिमीडिया कॉमन्स आहे. त्यावरील ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि भारत तिच्यात २०१२ मध्ये आला. चंद्रपूरचा गोंडकालीन किल्ला २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी हातात फावडी घेऊन साफ केला, आणि झाडीखालून मोकळ्या झालेल्या बुरुजांचे आधीचे-नंतरचे फोटो लोकांनी पाहिले. भद्रावतीच्या विजासन लेण्यांकडे कॅमेरे जातात. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये त्यांच्याच ओळीत घुग्घुसच्या लेण्यांचाही उल्लेख आहे. त्यांच्याकडे वळणारे थोडे.

सर्वांत मागे पडलेली नोंद अजूनही खाणपट्ट्याचीच आहे. उघडी खाण पुढे सरकते तशी जमीन दर वर्षी बदलते. शेत जाते, माती उपसून डोंगराएवढे ढिगारे होतात, त्यांवर सुबाभूळ आणि वेडी बाभूळ वाढते, आणि त्या झाडोऱ्यात वाघ आसरा घेतात. दुर्गापूर आणि औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात हे घडून चुकले आहे. खाणीच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यावरून, एकाच जागी उभे राहून, दर वर्षी त्याच महिन्यात काढलेला एक फोटो हा बदल दाखवू शकतो. त्याला मोठी लेन्स लागत नाही, सफारीची नोंदणी लागत नाही. फोटोखाली गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली असली की काम होते.