डाळ, पाणी आणि खराट्याच्या काड्या: चार-पाच वर्षांच्या मुलांना घरच्या घरी काय आणि कसं शिकवायचं?

ज्युनिअर केजी सुरू होऊन महिना होत नाही, तोच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येतो, "तुमच्याकडे कितीपर्यंत झालं?" कुणाचं मूल वीसपर्यंत लिहितं, कुणाचं पन्नासपर्यंत, तर कुणाचं पाहुण्यांसमोर न अडखळता शंभरपर्यंत म्हणून दाखवतं. मग बाकीच्या घरांमध्ये रात्रीची जेवणं आटोपली की वही-पेन्सिल निघते. मूल डोळे चोळत असतं, आई-बाबा दिवसभराच्या कामानं दमलेले असतात आणि 'मागे पडेल' या भीतीपोटी आकडे गिरवणं सुरू राहतं.

शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर एक वाटीभर राजमा ठेवा आणि "मला यातले सात दे" असं सांगा. बरीच मुलं मूठभर उचलून देतात. काही मोजायला लागतात, पण सातवर थांबत नाहीत, संपेपर्यंत मोजत राहतात. यात त्यांचं काही चुकत नाही. आकड्यांची नावं क्रमानं म्हणणं हे पाठांतर आहे. सात म्हणजे नेमके किती, हे कळणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वस्तू हाताळल्याशिवाय येत नाही.

ही वेगळी गोष्ट घरी कशी घडवायची? त्यासाठी महागडे किट लागतात का?

हे नवीन फॅड आहे का?

अजिबात नाही. इटलीतल्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. मुलं हातानं शिकतात, हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. भारतात गिजुभाई बधेका यांनी भावनगरला हा विचार रुजवला आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी तो महाराष्ट्रात आणला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यात सामील झाल्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

ताराबाईंपुढचा प्रश्न आजच्या पालकांसारखाच होता. माँटेसरीचं साहित्य महाग होतं, गावात ते कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड असं आसपास मिळणारं साहित्य वापरायला सुरुवात केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर ज्या सरकारी योजनेमुळे माहीत आहे, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अंगणातल्या शाळेची कल्पना त्याआधीच बोर्डी-कोसबाडला चालून दाखवली गेली होती.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट 'पायाभूत स्तर' मानला आहे आणि या वयात खेळातून, कृतीतून शिकवावं असं म्हटलं आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाची खेळणी, कोडी आणि कार्डांची पेटीही आणली. म्हणजे धोरण खेळा म्हणतंय आणि वह्या मात्र भरतच आहेत.

मराठी आकडे मुलांना अवघड का जातात?

यावर जरा थांबायला हवं, कारण घराघरातली अर्धी रडारड इथेच होते.

'बत्तीस' म्हटल्यावर मूल २३ लिहितं. आपण ओरडतो. पण त्याच्या कानाला काय ऐकू आलं ते बघा. 'ब' म्हणजे दोन आधी आला, 'तीस' नंतर. त्यानं ऐकलं तसं दोन आधी आणि तीन नंतर लिहिले. मराठीत दोन अंकी संख्या बोलताना एकक आधी येतो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. हिंदी आणि गुजरातीतही असंच आहे, जर्मनमध्येही. कन्नड, तेलुगू, तमीळमध्ये 'वीस-एक' अशा धर्तीवर बोलतात, त्यामुळे तिथल्या मुलांना हा उलटा उंबरा ओलांडावा लागत नाही.

त्यावर आपल्याकडे 'एकोण' आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मुलाला 'तीस' ऐकू येतं आणि ते ३ लिहून मोकळं होतं. बरं, हा नियम एकोणनव्वदपर्यंत पाळायचा आणि नव्याण्णवला सोडून द्यायचा!

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या सोबतीनं 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. प्रकरण विधानसभेत गेलं, सोशल मीडियावर विनोद झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरा पर्याय दिला आहे, अशी बाजू मांडली होती. मराठी भाषेचं काय होणार यावर भरपूर चर्चा झाली, बत्तीसचे तेवीस करणाऱ्या मुलावर कमी झाली.

घरी यावर उपाय आहे आणि तो जवळपास फुकट आहे. खराट्याच्या काड्या घ्या, बोटभर लांबीचे तुकडे करा. आइस्क्रीमच्या काड्या चालतील. दहा काड्या झाल्या की रबरबँड लावून जुडी बांधायची. जुडी मुलानंच बांधायची, आपण बांधून द्यायची नाही. दहा सुट्या काड्यांचा एक गठ्ठा होतो, हे हाताला कळलं पाहिजे.

मग 'बत्तीस' मांडायला सांगा. तीन जुड्या डावीकडे, दोन सुट्या उजवीकडे. आता 'तेवीस' मांडा. दोन्ही शेजारी ठेवली की ३२ आणि २३ यातला फरक डोळ्यांना दिसतो. बोलताना उजवीकडून सुरुवात, लिहिताना डावीकडून, हे मूल स्वतःच सांगायला लागतं. एकोणतीससाठी दोन जुड्या आणि नऊ सुट्या ठेवा आणि विचारा, "तीस व्हायला अजून किती हव्यात?" एक काडी टाकली की तिसरी जुडी बांधता येते. 'एकोण'चा अर्थ समजावून सांगण्यापेक्षा ती एक कमी असलेली काडी जास्त काम करते.

चार वर्षांच्या मुलाला मात्र ह्यात ओढू नका. त्याच्यासाठी दहाच्या आतला खेळ पुरे. जेवायला किती ताटं घ्यायची? प्रत्येकाला दोन-दोन लाडू दिले तर किती काढायचे? चिंचोके मुठीत धरून 'एकी की बेकी' खेळलात तर जोड्या लावता लावता सम-विषमही होऊन जातं. हा खेळ आपल्या आज्यांना कुणी शैक्षणिक म्हणून शिकवला नव्हता.

पाणी कुठे जास्त आहे?

दोन सारख्या पेल्यांमध्ये सारखं पाणी घ्या. मुलाला विचारा, सारखं आहे ना? हो म्हणालं की एका पेल्यातलं पाणी त्याच्या देखत उंच, अरुंद ग्लासात ओता. आता कुठे जास्त आहे?

पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा उंच ग्लासाकडे बोट दाखवतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा हा गाजलेला प्रयोग. लहान मुलं एका वेळी एकाच गोष्टीकडे बघतात, पाण्याच्या उंचीकडे. ग्लास अरुंद आहे हे त्यांच्या हिशेबात येत नाही. साधारण सात वर्षांच्या आसपास हे बदलतं.

इथे आपली जीभ आवरायची असते. "अरे वेड्या, तेवढंच आहे!" असं म्हणून काही होत नाही. पाणी परत पहिल्या पेल्यात ओतायला द्या. पुन्हा उंच ग्लासात. मग ताटलीत. अंघोळीच्या वेळी बादली, मग, बाटली आणि वाटी देऊन टाका. बाटली किती वाट्यांनी भरेल याचा आधी अंदाज, मग मोजणी. अंदाज चुकला तर मुलाला गंमत वाटते, फक्त आपण त्याला परीक्षेसारखं वागवलं नाही तर.

स्वयंपाकघरातलं विज्ञान

हळदीचा डाग लागलेला कपडा साबणानं धुताना लाल होतो, हे प्रत्येक घरात घडतं आणि कुणी मुलाला हाक मारून दाखवत नाही. हळद पाण्यात कालवून कागदावर फासा, वाळू द्या. मग कापसाच्या बोळ्यानं साबणाचं पाणी लावून त्यावर चित्र काढायला सांगा. पिवळ्यावर तांबड्या रेषा उमटतात. त्याच रेषेवर लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळं. साबण अल्कधर्मी आहे, लिंबू आम्ल, आणि हळदीतला रंग दोघांना वेगवेगळा प्रतिसाद देतो. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच रंगबदलावर चालते. चुना मुलांच्या हातात देऊ नका, तो डोळ्यांना घातक आहे.

मोड आणायची मटकी भिजवाल तेव्हा मुलासाठी तीन वाट्या वेगळ्या करा. एकीत कोरडी मटकी, दुसरीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली, तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवून ठेवलेली. रोज सकाळी बघायचं आणि दिसेल ते कागदावर काढायचं. बुडवलेली मटकी नीट का मोडावत नाही आणि तिला वास का येतो, हा प्रश्न मुलाकडूनच येईल. बीला पाण्याइतकीच हवाही लागते, हे उत्तर तेव्हा द्या, आधी नको.

मग लिहायला कधी शिकवायचं?

पेन्सिल धरायला बोटांत ताकद लागते आणि ती पेन्सिलीनं येत नाही. कणकेचे गोळे करणं, शेंगा सोलणं, लसूण निवडणं, मोदकाच्या कळ्या पाडायचा प्रयत्न करणं, रांगोळीची चिमूट सोडणं यानं येते. मोदक वाकडा होईल. होऊ द्या, उकडल्यावर चव तीच लागते.

अक्षरांसाठी ताटात रवा किंवा बारीक वाळू पसरा आणि बोटानं गिरवू द्या. आपल्याकडे याला धूळपाटी म्हणायचे, 'धुळाक्षरं' हा शब्द तिथूनच आला. चुकलं की ताट हलवायचं, खोडरबर नको आणि लाल शेराही नको. सुरुवात 'अ'पासूनच करायला हवी असं काही नाही. 'अ' चांगलाच वळणदार आहे. र, ग, म, न, ट अशी सोपी वळणं आधी घेतली तर त्यातून 'नग', 'मन', 'गरम' असे शब्दही लगेच बनतात.

काड्या आणि व्हॉल्व ट्यूब

पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी अरविंद गुप्ता यांची एक करामत जरूर करून बघा. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले गुप्ता नोकरीत असताना १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडले गेले आणि पुढे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्यात आयुष्य घातलं. पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत वाचता येतात.

सायकलच्या दुकानात व्हॉल्वची बारीक रबरी नळी मिळते. तिचे छोटे तुकडे करून त्यात गूळ काढलेल्या आगपेटीच्या काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन. आता दोन्ही बोटानं दाबा. चौकोन तिरका होऊन आडवा पडतो, त्रिकोण आकार सोडत नाही. चौकोनात एक तिरपी काडी बसवा (थोडी लांब लागेल), तोही ताठ होतो. मग बाहेर पडाल तेव्हा त्रिकोण शोधायला सांगा. रेल्वेचा लोखंडी पूल, विजेचे मनोरे, कौलारू घराची कैची. मुलं दिवसभर थांबत नाहीत, याची तयारी ठेवा.

किट घ्यावं का?

परवडत असेल तर हरकत नाही, पण त्यानं मूल जास्त शिकेल असं समजू नका. इन्स्टाग्रामवरच्या रीलमध्ये दिसणारी रंगीत तांदळाची देखणी ट्रे बनवायला आईचा तास जातो आणि मूल पाच मिनिटांत उठतं. नोकरी करणाऱ्या घरात हे रोज शक्य नाही आणि गरजेचंही नाही. जे काम घरात होणारच आहे, त्यात मुलाला पंधरा मिनिटं हात घालू द्या. आणि त्या पंधरा मिनिटांत "हा कोणता कलर? हे किती?" अशी सरबत्ती टाळा. "तुला काय वाटतं, काय होईल?" हा एक प्रश्न पुरतो.

काळजी काय घ्यायची?

तीन वर्षांखालच्या मुलांना राजमा, चिंचोके, मणी, रबरी नळीचे तुकडे देऊ नका. घरात धाकटं भावंडं असेल तर खेळ संपल्यावर जमीन झाडून घ्या, दाणे नाकात-कानात जातात. पाच वर्षांखालच्या मुलांना मोजता मोजता अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे तोंडात टाकू देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. पाण्याच्या खेळात मुलाला एकटं सोडून फोन घ्यायला जाऊ नका, लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं. खेळ झाला की बादली रिकामी करा.