कटआउटच्या अलीकडे व पलीकडे

जुलै २०१८ मधें वसई-विरारवर जो पाऊस कोसळला, त्यानें नालासोपाऱ्यास रेल्वेचे रूळ पाण्याखालीं गेले, लोकलगाड्या थांबल्या आणि अनेक वस्त्यांनीं रात्री अंधारांत काढल्या. असें पाणी ओसरल्यावर एक प्रसंग पुष्कळ घरीं घडतो. समोरच्या इमारतींत दिवे लागतात, एकाच घरांत लागत नाहींत. जिन्याखालच्या मीटरपेटींतून जळकट वास येत असतो. घरमालक ओळखीच्या वायरमनला बोलावतो. तो पेटींत डोकावून म्हणतो, "काका, हें बोर्डाचें काम." मग बोर्डाचा मनुष्य येऊन सांगतो, "आमची लाईन चालू आहे. हें तुमचें काम." दोघेहि निघून जातात. घरांत आजारी म्हातारें माणूस पंख्यावांचून पडून असतें, आणि सायंकाळपर्यंत कोणी तिसराच चार पैसे घेऊन पेटींत हात घालावयास तयार होतो. खरें भय ह्या तिसऱ्या माणसापासून असतें.

'बोर्ड' तसें पाहिलें तर आतां उरलेलें नाहीं. १९६० सालीं स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे जून २००५ मधें भाग पडले आणि घरोघर वीज पोंचविण्याचें काम महावितरणकडे आलें. लोकांच्या जिभेवर मात्र जुनेंच नांव आहे, आणि त्यांत कांहीं बिघडत नाहीं. खाडीच्या दक्षिणेस भाईंदरकडे खासगी कंपनी वीज देते. तेथून वसईस राहावयास आलेल्या कुटुंबांस वाटतें कीं कंपनी बदलली तसे नियमहि बदलले असतील. परंतु राज्य वीज नियामक आयोगाची पुरवठा संहिता खाडीच्या दोन्ही तीरांस सारखीच लागू आहे.

काम कोणाचें, ह्याचें उत्तर वाटतें तितकें संदिग्ध नाहीं. पुरवठादारानें ग्राहकाच्या जागेंत बसविलेल्या कटआउटचीं बाहेर जाणारीं टोकें, तेथें पुरवठा सुरू होतो, असें १९५६ च्या भारतीय वीज नियमांनीं ठरविलें होतें. आयोगाच्या २००५ च्या संहितेनें घरगुती ग्राहकापुरती तीच सीमा धरली आणि २०२१ च्या नव्या संहितेंतहि ती हललेली नाहीं. कटआउट म्हणजे मीटरच्या आधीं असलेली ती चिनी मातीची फ्यूज. खांबापासून तिच्यापर्यंतची तार व ती फ्यूज महावितरणनें सांभाळावयाची; तिच्या पलीकडील मेन स्विच, जिन्यांतून वर गेलेल्या तारा, घरांतील बटणें व पंखे हें सारें घरमालकाचें. ही एवढी ओळ प्रत्येक मीटरपेटीवर रंगवून ठेवली तर अर्धीं भांडणें मिटतील.

ह्या सरळ रेषेस एक वांक आहे, तो मीटरचा. मीटर बहुधा कटआउटच्या पुढें असतें, तरीहि तें तपासणें व दुरुस्त ठेवणें हें पुरवठादाराचेंच काम. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांप्रमाणें मीटर ग्राहकाच्या जागेच्या आंत असेल तर त्याची राखण ग्राहकाकडे, बाहेर असेल तर पुरवठादाराकडे. राखण म्हणजे दुरुस्ती नव्हे. मीटरच्या खोलीचें छप्पर गळत असेल तर तें सोसायटीनें बंद करावयाचें. पण मीटरचें सील कोणीहि खासगी माणसानें तोडावयाचें नाहीं. २००३ च्या वीज कायद्याच्या १३८ व्या कलमांत अशा हस्तक्षेपास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितलीं आहेत. जळलेल्या मीटरबद्दल पैसे मागितले गेल्यास तें कशामुळें जळलें असें धरलें आहे, हें लेखी मागून घ्यावें.

वसईच्या वाड्यांतून प्रश्नाचें स्वरूप निराळें असतें. तेथें खांब रस्त्यावर आणि घर केळीनारळांच्या आंत. लांबच लांब तार झावळ्यांतून जाते, आणि खारा वारा तिचे सांधे खाऊन टाकतो. जोडणी घेतांना त्या तारेचे पैसे भरलेले असल्यामुळें घरधनी समजतो कीं तार आपली व दुरुस्तीहि आपली. ही समजूत शंभर वर्षांपूर्वींहि चुकीचीच होती. १९१० च्या वीज कायद्याच्या परिशिष्टांतच म्हटलें होतें कीं, खर्चाचा वांटा ग्राहकानें दिला असला तरी ती तार परवानाधारकानेंच सुस्थितींत ठेवावी. त्या कायद्याच्या जागीं २००३ चा कायदा आला. परंतु ग्राहकाच्या आवारांतील स्वतःच्या मालकीच्या किंवा ताब्यांतील तारा सुरक्षित राखण्याचें बंधन सुरक्षा-विनियमांनीं पुरवठादारावर ठेवलेंच आहे. तारेवर आलेली फांदी कोयत्यानें स्वतः छाटूं पाहणें हें तर जिवाशीं खेळणें होय.

बिघाड कोणत्या बाजूस आहे, हें कशासहि हात न लावतां पुष्कळदां कळतें. घर अंधारांत आणि मीटरवरील आंकडेहि मालवलेले, तर दोष बहुधा अलीकडे, म्हणजे महावितरणच्या बाजूस. आंकडे उजळलेले आणि घर मात्र अंधारांत, तर मेन स्विचपासून पुढें शोध घ्यावा, आणि तोहि परवानाधारक वायरमनकडून. दिवे एकाएकीं डोळे दिपतील असे प्रखर होऊं लागले किंवा एका घरीं प्रखर व शेजारीं मंद झाले, तर खांबाकडील न्यूट्रल तार सुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळीं २३० व्होल्टच्या जागीं दाब ४०० च्या दिशेनें चढतो आणि फ्रिज, दूरदर्शनसंच क्षणांत जळतात. बाहेरचें कांहीं तपासूं नये. घरांतील मेन स्विच तेवढा हाताशीं व कोरडा असेल तर बंद करावा आणि १९१२ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तक्रार नोंदवितांना 'वीज नाहीं' एवढेंच सांगूं नये; 'कटआउटच्या आधीं बिघाड' किंवा 'मीटर बंद' असें सांगून नोंदीचा क्रमांक लिहून घ्यावा. 'तुमचें काम' असें उत्तर आलें तर दोष नेमका कोणत्या टोकापलीकडे आढळला, हें लेखी विचारावें. दाद लागली नाहीं, तर २००३ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमानें प्रत्येक वितरण कंपनीस ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ठेवणें भाग पाडलें आहे, आणि त्या मंचाच्या निर्णयानें समाधान न झालेल्या ग्राहकास वीज लोकपालाकडे जातां येतें. तेथें पहिला प्रश्न बिघाड कटआउटच्या कोणत्या बाजूस होता, हाच निघतो. आणि त्या वेळीं तें लेखी उत्तर व नोंदीचा तो क्रमांक हाताशीं लागतो.