ताक का कळकते?

शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा सोडतात. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका पडत हिरवट होतो. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः विरघळते आणि द्रावणातल्या तांब्याला बाहेर काढते. हीच विस्थापन अभिक्रिया.

क्रियाशीलतेच्या श्रेणीत जस्त, लोखंड, कथील आणि शिसे हायड्रोजनच्या वर आहेत, तांबे मात्र खाली. त्यामुळे सौम्य आम्लातून हायड्रोजन बाहेर काढणे तांब्याला जमत नाही. मग पितळेच्या भांड्यातले ताक कळकते कसे? पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यातले जस्त ताकातल्या लॅक्टिक आम्लाशी थेट अभिक्रिया करू शकते. तांब्याच्या बाबतीत हवेतला ऑक्सिजन हातभार लावतो. तांब्यावर ऑक्साइड तयार होते आणि आम्ल ते विरघळवते. चिंच, कोकम, लिंबू यांचेही तेच. असे अन्न पोटात गेले, तर मळमळ, उलट्या आणि पोटदुखी होऊ शकते.

दूध ताकासारखे आंबट नसते, पण त्यातले केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. पितळी भांड्यात तापवलेले आणि साठवलेले दूध त्यामुळेच तान्ह्या बाळांना घातक ठरले. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ या आजारात लहान मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठत असे आणि बहुतेक मुले दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या आजाराचा अशा दुधाशी असलेला संबंध पुढे आणला. तेच दूध पिणारे प्रत्येक बाळ आजारी पडत नसे. त्यामुळे आनुवंशिकतेचाही वाटा असावा, असे मानले जाते. पितळी भांडी मागे पडली, तसा हा आजारही दुर्मीळ झाला.

आपल्याकडे कल्हईची रीत आहे, ती याचसाठी. कथील श्रेणीत तांब्याच्या वर असले, तरी अन्नातल्या सौम्य आम्लात ते फार सावकाश विरघळते. त्याचा थर अन्न आणि पितळ यांच्यामध्ये पडद्यासारखा राहतो.

आता पितळी आणि तांब्याची भांडी पुन्हा हौसेने घेतली जात आहेत. ती वापरताना काही पथ्ये पाळावीत. पितळी पातेले आतून पिवळे दिसू लागले, की कल्हई करून घ्यावी. ती शुद्ध कथलाची असावी, शिसे मिसळलेल्या कथलाची नको. तांब्याच्या भांड्यात साधे पाणी चालते, लिंबूपाणी किंवा ताक नाही. विल्सन आजार असलेल्यांनी ते पाणीही टाळावे. आणि बाळाचे दूध नेहमी स्टीलच्याच भांड्यात तापवावे.