कड्याकाठची आडवी वाट

जुन्नर-आंबेगाव तालुक्यांची पश्चिमेची किनार नकाशात पाहिली की घाटांची नावं ओळीने येतात. नाणेघाट, दाऱ्या घाट, त्रिगुणधारी, खुटेदार, अहुपे आणि भीमाशंकरखालचे गणपती घाट नि शिडी घाट. या साऱ्या वाटा देशावरून कोकणात उतरतात. मीठ, भात, बैल, लग्नाची वऱ्हाडं, फौजा असं सगळं यांवरून चढलं-उतरलं. कड्याच्या काठाकाठाने उत्तरेकडून दक्षिणेला जायला मात्र ना व्यापाऱ्याला काही कारण होतं, ना सैनिकाला. ते कारण काढलं ते डोंगरभटक्यांनी. नाणेघाट ते भीमाशंकर ही तीन-चार दिवसांची चाल या सगळ्या जुन्या वाटांना आडवी छेदत जाते. तिची गंमत आणि तिचा त्रास, दोन्ही या आडवेपणात आहेत.

सुरुवात नाणेघाटाने करावी, म्हणजे आपण कशाला छेद देणार आहोत ते कळतं. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारा हा सातवाहनांचा राजमार्ग. घाटमाथ्याच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांचे आकडे त्यात कोरले आहेत. कर्नल साइक्सने १८२८ मध्ये हे लेणं अभ्यासकांच्या नजरेस आणलं आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यातले अंक ओळखले. राजघराण्यातल्या मंडळींच्या मूर्तीही तिथे होत्या. आता त्यांची पावलं आणि डोक्यावरची नावं तेवढी उरली आहेत. येणारा प्रत्येक जण जकातीच्या दगडी रांजणाशेजारी उभा राहून फोटो काढतो. मला विचाराल तर त्याहून महत्त्वाची आहेत ती पाण्याची टाकी. त्यांतलं एक कोणा गृहस्थाने दान दिल्याचा लेख आहे, वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राज्यवर्षाच्या उल्लेखासह. यज्ञ करणारे गेले, जकात घेणारे गेले. पाणी मात्र अजून उपयोगी पडतं.

नाणेघाट सोडून जीवधन किल्ला आणि वानरलिंगीचा सुळका मागे टाकला की राजमार्ग संपतो. पुढची चाल शक्य होते ती दगडामुळे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला. काही थर कठीण आहेत, त्यांचे सरळ कातळकडे झाले. काही सच्छिद्र आणि ठिसूळ आहेत, ते झिजून त्यांचे पदर झाले. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी गेरूसारख्या लाल मातीचा पट्टा असतो. वरून झिरपलेलं पाणी त्याच्याशी अडतं आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतं. थर आडवे, म्हणून वाटही आडवी. एक पदर धरला की दोन-दोन तास फारशी चढ-उतर न करता चालता येतं, वर भिंत आणि खाली दरी. पाण्याने कोरलेली नाळ आडवी आली की घसाऱ्यावरून जपून पलीकडे जायचं आणि पुन्हा तोच पदर पकडायचा.

याच काठाने आणखी एक गोष्ट पायाला कळते. डाव्या हाताला कुकडी, मीना, घोड आणि भीमा अशा चार नद्यांची उगमाची खोरी एकामागून एक लागतात. त्यांचं पाणी शेवटी भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं. उजव्या हाताला दोन पावलांवर पडलेला थेंब मात्र कोकणात उतरतो आणि अरबी समुद्र गाठतो. वाटेतल्या ढाकोबा डोंगराच्या कड्यावर उभं राहिलं की ही विभागणी धडधडीत दिसते. एवढा पाऊस ज्या माथ्यावर कोसळतो, त्याच माथ्यावर फेब्रुवारी सरता सरता हंड्यासाठी मैलभर चालावं लागतं. कातळ पाणी साठवत नाही, वाहू देतो.

ढाकोबा ते दुर्ग या दोन डोंगरांमधल्या टप्प्यात वाट चुकणं अगदी सोपं. कारण इथे वाटा नाहीत असं नाही, वाटा फार आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या ढोरवाटा. गुरं चरायला जातात, त्यांना भीमाशंकर गाठायचं नसतं. ऐसपैस दिसणारी पायवाट अर्ध्या तासाने कारवीच्या रानात नाहीतर कड्याच्या तोंडाशी विरून जाते. अशा वेळी गुराख्याला विचारावं, पण नीट विचारावं. ‘मामा, ही वाट अहुप्याला जाते का?’ या प्रश्नाला ‘जाती की’ हे एकच उत्तर येतं, आणि ते खरंही असतं. मामांच्या पायांना ती जाते. ‘तुम्ही ओझं घेऊन कुठून जाल?’ असं विचारलं की ते उठतात, काठीने समोरची सोंड दाखवतात आणि मग खरी वाट कळते.

अहुपे हा या चालीचा मुक्कामाचा गाव, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. कड्याखाली गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके, पलीकडे सिद्धगड. गावाजवळ भैरवनाथाची देवराई आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यानंतर अशा राया अभ्यासकांच्या नकाशावर आल्या. गावाला त्या आधीपासून ठाऊकच होत्या. इथल्या महादेव कोळी घरांना रोख पैसा देणारं झाड हिरड्याचं. कोवळा बाळहिरडा तोडून अंगणात वाळत घालतात. बाकी भात, नाचणी, वरई. म्हाताऱ्या माणसांकडे बसलं की खाली कोकणातल्या म्हशाच्या जत्रेचा विषय निघतोच. पौष पौर्णिमेला बैल घेऊन घाट उतरायचा, घोंगडी घेऊन परत चढायचं. खालच्या खोपिवलीशी सोयरीकही याच घाटाने.

या रानाची दुसरी बाजूही अहुप्याच्याच, घोड नदीच्या खोऱ्यात आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर उतरला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात घसारा ओला असताना ही आडवी चाल करू नये असं जाणती मंडळी सांगतात, त्यामागे फक्त वाट निसरडी होण्याची भीती नसते.

अहुप्यानंतर झाडी दाटते. १९८५ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं भीमाशंकर अभयारण्य हे शेकरूचं घर. वरून फळांची टरफलं पडू लागली की मान वर करावी. मग कोंढवळ, आणि मग अचानक लाउडस्पीकर, पार्किंग, प्रसादाची दुकानं. इतक्या दिवसांच्या शांततेनंतर ही गर्दी अंगावर येते, पण तक्रार करण्यात अर्थ नाही. ज्योतिर्लिंगाला लोक येणारच. देवळापाशी टांगलेली मोठी घंटा पाहून घ्यावी. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर इथे आलेली ही पोर्तुगीज चर्चची घंटा.

इथून बहुतेक जण एसटीने मंचरकडे निघतात. खांडसला उतरायचं असेल तर दोन वाटा. शिडी घाट जवळचा, पण कातळावरच्या लोखंडी शिड्यांवर पाठीवरची सॅक माणसाला मागे ओढते. गणपती घाट लांबचा आणि रुंद. पाय थकलेले आणि पाठीवर ओझं असताना गणपती घाटानेच उतरावं, आणि सकाळी लवकर निघावं. खालच्या पठारावर सावली नाही.